कागदावर न सुटलेली लिपी

१९५७ साली फ्रान्सिस क्रिक, जॉन ग्रिफिथ आणि लेस्ली ऑर्गेल या तिघांनी एक छोटा पण फार देखणा शोधनिबंध प्रसिद्ध केला. जनुकांची भाषा चार अक्षरांची, प्रथिनांची वीस अमिनो आम्लांची. तर चारांतून नेमके वीसच कसे निघतात, हा त्याचा विषय. तीन-तीन अक्षरांचे शब्द केले तर ते चौसष्ट होतात. त्यांतल्या वीसांनाच अर्थ का असावा, याचे या तिघांनी दिलेले उत्तर इतके सरळ होते की वाचणाऱ्याला ते आपल्यालाच आधी का सुचले नाही असे वाटावे. त्या हिशेबात चार शब्द सुरुवातीलाच बाद होत होते, एकच अक्षर तीनदा आलेले. आणि यूयूयू हा त्यांतलाच एक. चार वर्षांनी, २७ मे १९६१ च्या पहाटे, वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा येथील सरकारी प्रयोगशाळेत जनुकांच्या भाषेतला पहिला शब्द माणसाला कळला. तो शब्द यूयूयू होता.

हा प्रसंग सहसा गमतीचा किस्सा म्हणून सांगितला जातो. मला तो त्या सबंध काळाची किल्ली वाटतो. १९५३ ते १९६६ या तेरा वर्षांत जनुके प्रथिने कशी घडवतात हे कोडे सुटले, आणि त्याच्या लोकप्रिय इतिहासात नायकपद बहुधा बुद्धिमान सिद्धान्तकारांकडे जाते. ते बुद्धिमान होते यात शंका नाही. पण ज्या कोष्टकामागे ते लागले होते ते विचाराने काढता येण्यासारखे नव्हतेच, असे माझे म्हणणे आहे. ठरावीक तीन अक्षरांना ठरावीक अमिनो आम्लच का, याला पदार्थविज्ञानाच्या नियमांतून निघणारे उत्तर बहुतांशी नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वी एकदा तसे ठरून गेले आणि नंतर ते बदलणे परवडले नाही. असे काही अनुमानाने कळत नाही. ते जाऊन पाहावे लागते.

वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची दुहेरी सर्पिल रचना मांडली ती एप्रिल १९५३ मध्ये. जनुकांचा प्रथिनांच्या घडणीशी संबंध आहे, हे त्याआधीच लक्षात आले होते. बीडल आणि टेटम यांनी १९४१ साली बुरशीवर केलेल्या प्रयोगांत एकेका जनुकाच्या बिघाडाने रासायनिक क्रियांच्या साखळीतली एकेक पायरी अडलेली दिसली होती; पायरी अडते ती तिथले विकर निकामी झाल्यामुळे, आणि विकरे म्हणजे प्रथिनेच. केंब्रिजमध्ये फ्रेडरिक सँगर इन्शुलिनमधल्या ५१ अमिनो आम्लांचा क्रम तुकड्या-तुकड्याने लावत होते आणि प्रथिन ही पक्क्या क्रमाची साखळी असते हे त्यांच्या कामाने सिद्ध होत होते. पुढे १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी दाखवले की विदर्भात आणि नंदुरबारकडे ज्याची ओळख करून द्यावी लागत नाही त्या सिकलसेलच्या आजारात हिमोग्लोबिनच्या साखळीतले फक्त एक अमिनो आम्ल बदललेले असते. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. जनुकातला एक बदल, प्रथिनातला एक बदल. एका क्रमाचे दुसऱ्या क्रमात भाषांतर होते, एवढे आता उघड होते. ते कोणत्या नियमाने होते, हा प्रश्न मात्र त्याआधीच, १९५३ च्या उन्हाळ्यात, एका अनपेक्षित माणसाने विचारला होता.

जॉर्ज गॅमॉव्ह हे सोव्हिएत संघातून निसटून अमेरिकेत गेलेले, विश्वाच्या जन्मावर काम करणारे पदार्थवैज्ञानिक. जीवशास्त्र त्यांना फारसे येत नव्हते आणि त्याची त्यांना खंतही नव्हती. डीएनएच्या सर्पिलाच्या खोबणीत चार-चार अक्षरांच्या मध्ये समभुज चौकोनी पोकळ्या पडतात आणि त्यांचे प्रकार मोजले तर बरोबर वीस भरतात, असे त्यांनी पत्राने केंब्रिजला कळवले. प्रत्येक पोकळीत एक अमिनो आम्ल बसत असणार, हा त्यांचा तर्क. तो सपशेल चुकीचा होता, कारण प्रथिने डीएनएवर बनतच नाहीत, केंद्रकाबाहेर पेशीद्रवात बनतात. तरी या पत्राने एक मोठे काम केले. गॅमॉव्ह यांची अमिनो आम्लांची यादी चुकलेली पाहून वॉटसन आणि क्रिक यांनी केंब्रिजमधल्या एका पबमध्ये बसून स्वतःची यादी केली आणि ती वीसची यादी पुढे जशीच्या तशी खरी ठरली. गॅमॉव्ह यांनी मग वीस सभासदांचे एक मंडळच काढले, प्रत्येक अमिनो आम्लासाठी एक सभासद, प्रत्येकाला खास बनवलेला नेकटाय. रिचर्ड फाइनमन होते, एडवर्ड टेलर होते, क्रिक, वॉटसन, सिडनी ब्रेनर होतेच. एवढी बुद्धी एका कोड्यावर क्वचितच खर्ची पडली असेल. कोष्टकातली एकही ओळ तिच्यातून निघाली नाही.

का निघाली नाही? महायुद्ध नुकतेच संपले होते, शत्रूच्या सांकेतिक लिप्या फोडणाऱ्यांचा दबदबा होता, आणि हेही तसलेच काम आहे असा सर्वांचा समज होता. पण लिपी फोडणाऱ्याच्या हातात निदान सांकेतिक मजकूर असतो. इथे नेमका तोच नव्हता. इन्शुलिनमधल्या अमिनो आम्लांचा क्रम माहीत होता, पण एकाही जनुकातल्या अक्षरांचा क्रम जगात कोणालाही ठाऊक नव्हता. मोडीतला मूळ कागद कधी पाहिलेलाच नाही, हाती त्याचे देवनागरी लिप्यंतर तेवढे आहे, आणि त्यावरून मोडीचे प्रत्येक अक्षर कसे वळते ते सांगायचे, असा हा प्रकार होता. अशा लिप्यंतरावरून काही गोष्टी नक्कीच नाकारता येतात. शेजारशेजारचे शब्द एकमेकांची अक्षरे वाटून घेत असतील तर कोणत्या अमिनो आम्लाशेजारी कोणते येऊ शकते यावर बंधन पडेल, हे लक्षात घेऊन ब्रेनर यांनी १९५७ साली तोवर कळलेल्या सगळ्या प्रथिनक्रमांतले शेजार तपासले आणि तीन अक्षरी शब्द एकमेकांवर चढलेले असणे अशक्य असल्याचे दाखवून दिले. कागदावरच्या विचाराने मिळालेले हे खणखणीत यश आहे. पण ते नकाराचे यश आहे. काय नाही ते कळले. काय आहे ते त्याच वाटेने कळणार नव्हते.

पुन्हा त्या १९५७ च्या निबंधाकडे वळू. शब्द एकमेकांवर चढलेले नसतील तर पेशीला एक अडचण येते. अक्षरे सलग लिहिलेली, मध्ये स्वल्पविराम नाही, मग शब्द कुठे सुरू होतो हे तिला कळावे कसे? क्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवले की शब्दांची निवडच अशी असावी की चुकीच्या जागेपासून वाचले तर निरर्थक शब्दच मिळतील. मग एएए हा शब्द चालणार नाही, कारण तो दोनदा लागोपाठ आला तर कुठूनही वाचला तरी तोच निघेल. असे चार वगळले की उरले साठ. त्यांतले एबीसी, बीसीए, सीएबी असे फिरवून मिळणारे तीन-तीन शब्द एका गटात येतात आणि प्रत्येक गटातून जास्तीत जास्त एकच घेता येतो. साठ भागिले तीन, वीस. ज्याने आयुष्यात एकदा तरी गणिताचा आनंद घेतला आहे त्याला हे वाचून क्षणभर वाटणारच की निसर्गाने असेच केले असणार. लेखकांनी स्वतः बजावून ठेवले होते की आपली गृहीतके कच्ची आहेत आणि निव्वळ सैद्धान्तिक आधारावर यावर फार विश्वास ठेवू नये. त्यांचा हा प्रामाणिकपणा विसरता कामा नये. पण वाचणाऱ्यांवर परिणाम झाला तो इशाऱ्याचा नव्हे, वीस या आकड्याचा.

इथे एक आक्षेप घेता येईल आणि तो वजनदार आहे. सिद्धान्ताने काहीच दिले नाही असे कसे म्हणता? १९५५ च्या आरंभी क्रिक यांनी गॅमॉव्ह यांच्या मंडळाच्या सभासदांत फिरवलेल्या एका टिपणात म्हटले होते की अमिनो आम्लांना अक्षरांच्या रांगेवर थेट बसता येईल असा रासायनिक मेळच नाही, तेव्हा दोघांच्या मध्ये एखादा दुवा असला पाहिजे: एका टोकाला अमिनो आम्ल, दुसऱ्या टोकाला अक्षरे ओळखण्याची सोय. बॉस्टनमध्ये पॉल झॅमेकनिक आणि मॅलन होगलंड यांना थोड्याच काळात असे छोटे आरएनए खरोखर सापडले. त्यांना आज आपण वाहक आरएनए म्हणतो. विशेष म्हणजे ते शोधताना होगलंड यांना क्रिक यांचे टिपण माहीतही नव्हते. आक्षेप मान्य आहे, पण तो जरा निरखून पाहावा. क्रिक यांचे हे अनुमान अमिनो आम्लांच्या आकाराचा आणि रसायनाचा विचार करून निघाले होते, वीसचा आकडा जुळवण्यासाठी नव्हे. त्या दशकातल्या सिद्धान्तांची अशी विभागणी केली तर चित्र स्पष्ट होते. पेशीत काय घडू शकते याचा विचार करणारे सिद्धान्त टिकले. निसर्गाला काय शोभून दिसेल याचा विचार करणारे पडले. यंत्रणा विचाराने गाठता आली, कारण यंत्रणेला कारणे असतात.

कोश मात्र बेथेस्डाला उघडला. मार्शल निरेनबर्ग तेव्हा चौतिशीचे, या वर्तुळात जवळपास अनोळखी. त्यांच्याबरोबर जर्मनीतून, बॉनहून आलेले हाइनरिख माथाई. दोघांची पद्धत सांगायला अगदी रुक्ष आहे. ई. कोलाय जीवाणू घोटून फोडायचे, टरफले फेकून द्यायची, उरलेल्या रसात प्रथिने जुळवणारे रायबोसोम, वाहक आरएनए आणि विकरे शाबूत राहतात. तो रस परीक्षानळीतही काही काळ प्रथिने बनवत राहतो. मग डीएनए नष्ट करणारे विकर घालायचे, म्हणजे त्यावरून आरएनएचे नवे संदेश उतरत नाहीत. जुने संदेश संपले की प्रथिननिर्मिती मंदावते. आता बाहेरून आरएनए घातले आणि ती पुन्हा उसळली, तर जे बनले ते त्या आरएनएच्या हुकमाने बनले. हा रस घडवण्याच्या युक्त्या बॉस्टनच्या झॅमेकनिक यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षे खपून शोधल्या होत्या, आणि कृत्रिम आरएनए बनवणारे विकर मारियान ग्रुनबर्ग-मानागो यांना १९५५ साली न्यूयॉर्कमध्ये सेव्हेरो ओचोआ यांच्या प्रयोगशाळेत सापडले होते. नेकटायवाल्यांच्या मंडळाची या भांड्याकुंड्यांशी फारशी ओळख नव्हती. माथाई यांनी नुसत्या यूंची लांबलचक माळ या रसात घातली आणि एकेक अमिनो आम्ल किरणोत्सारी कार्बनने खूण करून तपासत गेले. २७ मेच्या पहाटे मोजयंत्राने सांगितले की साखळीत गुंफले जाते ते फक्त फेनिलॲलानिन. सांकेतिक मजकूर मिळत नव्हता, तर या दोघांनी तो स्वतःच लिहिला आणि पेशीकडून त्याचा अर्थ वदवून घेतला. माझ्या मते या इतिहासातली खरी कल्पकता हीच, जरी ती एकाही सूत्रात बसत नसली तरी.

त्यावर म्हटले जाते की निरेनबर्ग नशीबवान होते, आणि हेही खोटे नाही. त्यांच्या मिश्रणात मॅग्नेशियमचे प्रमाण जास्त होते. पेशीत वाचन सुरू व्हायला एयूजी हे आरंभाचे त्रिक लागते हे तेव्हा कोणालाही माहीत नव्हते, आणि जास्त मॅग्नेशियममुळेच रायबोसोमने ते नसतानाही वाचायला सुरुवात केली. शिवाय नुसत्या फेनिलॲलानिनची साखळी आम्लात साक्याच्या रूपाने खाली बसते, म्हणून ती गाळून मोजता आली. त्यांनी पहिल्यांदा नुसत्या एंच्या माळेवर भर दिला असता तर लायसिनची साखळी बनली असती आणि ती त्या आम्लात विरघळून नजरेतून सुटली असती. पण हे नशीब उपयोगी पडले कुणाला? जो नळीत काहीतरी घालून बघत होता त्याला. सुंदर समीकरणावर बसलेल्याला मॅग्नेशियमचा फायदा होत नाही. आणि निरेनबर्ग यांना पुढे नशिबाची साथ मिळालीही नाही: ऑगस्ट १९६१ मध्ये मॉस्कोच्या आंतरराष्ट्रीय जीवरसायनशास्त्र परिषदेत त्यांनी हे काम सांगितले ते एका लहान खोलीत, मोजक्या श्रोत्यांपुढे. त्यांतले मॅथ्यू मेसेलसन यांनी जाऊन क्रिक यांना गाठले, आणि क्रिक यांनी निरेनबर्ग यांना मोठ्या सभेपुढे पुन्हा बोलायला लावले. ज्यांचा देखणा सिद्धान्त त्या भाषणाने मोडीत निघत होता त्यांनीच त्यासाठी व्यासपीठ मिळवून दिले, ही नोंद क्रिक यांच्या बाजूने करायलाच हवी.

क्रिक यांच्या बाजूची दुसरी आणि मोठी नोंद त्याच वर्षअखेरची. लेस्ली बार्नेट, ब्रेनर आणि रिचर्ड वॉट्स-टोबिन यांच्याबरोबर त्यांनी जीवाणूभक्षी विषाणूच्या एकाच जनुकात अक्षरे भरणारे आणि गाळणारे बदल घडवून आणले. एक अक्षर जास्त झाले तर जनुक निकामी, दोन झाली तरी निकामी. तीन झाली की पुन्हा कामाला लागते. म्हणजे वाचन एका ठरावीक जागेपासून सुरू होते आणि तीन-तीनच्या टप्प्याने पुढे जाते, स्वल्पविरामांची गरजच नाही. एकही रेणू न हाताळता, नुसत्या विषाणूंच्या संकरातून काढलेला हा निष्कर्ष म्हणजे तर्काचा विजय नाही तर काय, असे कोणी विचारील. विजय आहेच. पण या प्रयोगाने व्याकरण दिले: शब्द तीन अक्षरी, एका अमिनो आम्लाला बहुधा अनेक शब्द. कोणत्या शब्दाचा कोणता अर्थ, याबद्दल तो गप्प होता आणि गप्पच राहणार होता. शिवाय त्याच्यामागे निसर्गाला काय शोभेल याचा अंदाज नव्हता, जिवंत विषाणूंच्या हजारो तबकड्या होत्या.

यानंतर शर्यत लागली. ओचोआ यांची सुसज्ज प्रयोगशाळा एका बाजूला, बेथेस्डाचे अनेक सहकारी आपापली कामे बाजूला सारून निरेनबर्ग यांच्या मदतीला. दोन-दोन अक्षरांचे मिश्रण करून बनवलेल्या माळांवरून शब्दांत कोणती अक्षरे आहेत हे कळू लागले, पण त्यांचा क्रम कळेना. १९६४ मध्ये निरेनबर्ग आणि फिलिप लेडर यांनी दाखवले की संदेश म्हणून फक्त तीन अक्षरांचा तुकडा दिला तरी तो आपल्या वाहक आरएनएला रायबोसोमवर खेचून आणतो, आणि साध्या गाळणीने ते पकडता येते. बहुसंख्य शब्द असे सुटले.

उरलेल्यांचा आणि सगळ्यांच्या खात्रीचा भार उचलला तो विस्कॉन्सिनमध्ये हरगोविंद खोराना यांनी. पंजाबातल्या रायपूर या जेमतेम शंभर वस्तीच्या खेड्यातल्या पटवाऱ्याचा हा मुलगा लाहोर, लिव्हरपूल, झुरिक असा शिकत गेला. १९४९ मध्ये भारतात परतला तर इथे त्याला काम मिळाले नाही. तो केंब्रिजला गेला, तिथून कॅनडा, मग अमेरिका. या लिपीच्या इतिहासात आपल्या देशाचा भाग एवढाच, आणि तो फुशारकीने सांगण्यासारखा नाही. खोराना जातीचे रसायनशास्त्रज्ञ. अक्षराला अक्षर जोडून हवा तो क्रम बनवणे ही त्यांची विद्या. त्यांनी यू-सी-यू-सी अशी आलटून-पालटून माळ बनवली. तिच्यातून सेरिन आणि ल्युसिन आळीपाळीने गुंफले गेले. एएजीची माळ दिली तर तीन वेगळी प्रथिने मिळाली, लायसिनचे, आर्जिनिनचे आणि ग्लुटामिक आम्लाचे, कारण वाचन कुठून सुरू करायचे हे माळ सांगत नाही. चार अक्षरी जीयूएएची माळ दिली तर साखळी दोन-तीन अमिनो आम्लांतच तुटली. मध्ये यूएए हे थांबण्याचे त्रिक येत होते. क्रिक यांनी विषाणूंवरून काढलेले व्याकरण इथे रेणूंच्या पातळीवर डोळ्यांपुढे आले. १९६६ पर्यंत कोष्टक भरत आले: अर्थाची ६१ त्रिके, विरामाची ३. त्याआधी १९६५ मध्ये रॉबर्ट हॉली यांनी १४० किलो यीस्टपासून सुरुवात करून जेमतेम एक ग्रॅम वाहक आरएनए वेगळे केले होते आणि त्यातल्या ७७ अक्षरांचा क्रम लावला होता. १९६८ चे नोबेल हॉली, खोराना आणि निरेनबर्ग यांना मिळाले. त्या नेकटाय मंडळात यांपैकी कोणीही नव्हते.

भरलेले कोष्टक पाहिले की गणिताची आवड असलेल्याचा विरस होतो. ल्युसिनला सहा शब्द, ट्रिप्टोफॅनला एकच, आयसोल्युसिनला तीन. या आकड्यांमागे कोणतेही सुबक सूत्र नाही. १९६८ मध्ये क्रिक यांनीच एक शक्यता मांडली: हा गोठून गेलेला अपघात असावा. एकदा हजारो प्रथिने एका कोष्टकावर अवलंबून राहू लागली की त्यातला एक शब्द बदलणे म्हणजे सगळ्या प्रथिनांत एकदम चुका भरणे. म्हणून जे होते तेच राहिले. सँगर यांच्या केंब्रिजमधल्या गटाला १९७९ मध्ये याला पूरक पुरावा मिळाला. माणसाच्या पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात यूजीएचा अर्थ ‘थांबा’ असा नसून ट्रिप्टोफॅन असा होतो. मायटोकॉन्ड्रिया स्वतःची अगदी मोजकी प्रथिने बनवतात, तेव्हा तिथे बदल पचला. कोष्टक रसायनाच्या नियमाने बांधलेले असते तर एकाच पेशीत दोन अर्थ नांदले नसते.

शेवटचा आक्षेप अलीकडचा. १९९८ मध्ये स्टीफन फ्रीलंड आणि लॉरेन्स हर्स्ट यांनी संगणकावर दहा लाख पर्यायी कोष्टके बनवली आणि एखादे अक्षर चुकले तर प्रथिनाचे नुकसान किती कमी होते या कसोटीवर खऱ्या कोष्टकाशी ताडून पाहिली. दहा लाखांत जेमतेम एक सरस निघाले. मग हा अपघात कसा? नैसर्गिक निवडीने कोष्टकाला वळण दिले, हे मी मान्य करतो. काही थोड्या अमिनो आम्लांना आपापल्या त्रिकांविषयी रासायनिक ओढ असावी, असे म्हणणारेही आहेत. पण हिशेब पुढे चालवून पाहा. शब्दांचे गट आहेत तसे ठेवून वीस अमिनो आम्लांची नुसती अदलाबदल केली तरी होणारी कोष्टके २४ वर सतरा शून्ये इतकी भरतात. त्यांतली दहा लाखांत एक म्हणजे सुमारे दोन लाख चाळीस हजार कोटी. १९५७ मध्ये कोणी ही कसोटी बिनचूक ओळखली असती तरी एवढ्या कोष्टकांतले नेमके कोणते, हे विचारायला त्याला जीवाणूंच्या रसाकडेच जावे लागले असते.